हवेचा अहवाल आणि भिंतीची ओल

श्रावण लागला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सणांच्या शुभेच्छांच्या मध्येमध्ये भिंतींचे फोटो येऊ लागतात. फुगलेला रंग, सुटलेले पोपडे, कपाटामागचे हिरवट-काळे ठिपके. खाली एकच प्रश्न: ‘हे कुणाच्या बाथरूमचं?’ यंदा एका शेजाऱ्यांनी फोटोऐवजी थेट पीडीएफ टाकली. घरातल्या हवेत बुरशी किती, याची त्यांनी तपासणी करून घेतली होती. चार पानं, रंगीत तक्ते, लॅटिन नावं आणि शेवटी लाल अक्षरांत ‘प्रमाण वाढलेले’. ग्रुप दिवसभर गप्प होता. आमच्याकडे असं सहसा घडत नाही.

संध्याकाळी ते अहवालाची प्रिंट घेऊन आले. मी अधूनमधून विज्ञानावर लिहितो, तेवढ्या भांडवलावर लोक माझ्याकडे असली कागदपत्रं आणतात. “बघा हो जरा, घर सोडावं लागेल का?” चेहरा असा, की जणू बायोप्सीचा रिपोर्ट आलाय.

त्यांना आधी ही तपासणी होते कशी ते सांगितलं. एक छोटा पंप तिवईवर ठेवतात. त्याच्या तोंडाशी प्लास्टिकची चपटी डबी, आत चिकट थर दिलेली काचेची पट्टी. पंप साधारणपणे मिनिटाला १५ लिटर हवा ओढतो आणि पाच मिनिटं चालतो. म्हणजे ७५ लिटर हवा झाली. त्या हवेतले बुरशीचे बीजाणू पट्टीला चिकटतात आणि प्रयोगशाळेत कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजतं. अहवालात मात्र आकडा येतो तो दर घनमीटरचा, म्हणजे १००० लिटरचा. त्यामुळे पट्टीवर एक बीजाणू दिसला की कागदावर १३ होतात. शेजाऱ्यांच्या अहवालात एका बुरशीपुढे ५३ लिहिलं होतं आणि त्या आकड्याने त्यांची झोप उडाली होती. ५३ म्हणजे पट्टीवर दिसलेले चार. हे ऐकून त्यांना हायसं वाटलं आणि लगेच रागही आला.

त्या पाच मिनिटांत पंखा चालू होता का? कुणी गादी झटकली? गॅलरीचं दार उघडं होतं? यातलं काहीही बदललं तरी आकडा बदलतो. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं तर वेगळाच येईल. पट्टीवरचे बीजाणू जिवंत की मेलेले, हेही कळत नाही. अॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या दोन बुरशींचे बीजाणू तर नुसते पाहून वेगळे ओळखताच येत नाहीत, म्हणून अहवालात त्यांना एकाच रकान्यात घालतात. आणि इंटरनेटवर जिची सर्वांत जास्त भीती घातली जाते ती काळी स्टॅकिबॉट्रिस? तिचे बीजाणू ओले, चिकट, गुच्छात असतात. सहसा हवेत उडत नाहीत. भिंत तिने भरलेली आणि अहवालात शून्य, असं होऊ शकतं.

पण त्या चार पानांत सगळ्यात खटकलं ते वेगळंच. बाहेरच्या हवेचा नमुनाच घेतलेला नव्हता. बुरशी घरात उपजत नाही, बाहेरूनच येते. माती, पालापाचोळा, कुजकं लाकूड, कचऱ्याचा ढीग, सगळीकडे ती असतेच आणि तिचे बीजाणू हवेत असणारच. प्रश्न एवढाच, की घरात ती बाहेरच्यापेक्षा जास्त किंवा वेगळ्या जातीची आहे का. बाहेरचा आकडा नसेल तर आतला ‘वाढलेला’ हा शब्द कुठून आला? कशापेक्षा वाढलेला? सरकारी मर्यादा म्हणावी तर तसली मर्यादाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्यात अमुक बीजाणूंपर्यंत ठीक आणि त्यापुढे धोका, असा आकडा मुद्दाम दिलेला नाही. ओल काढा, बुरशी वाढू देऊ नका, एवढंच सांगितलंय. अमेरिकेची पर्यावरण संस्था तर स्पष्ट म्हणते, की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा तपासणीची गरज नाही. ज्या देशात हा धंदा सगळ्यात फोफावलाय तिथलाच हा सल्ला.

माझंही मत तेच आहे. भिंतीवर दिसतंय, कपाट उघडलं की कुबट वास येतोय, मग हवा कशाला मोजायची? ते पैसे प्लंबरला द्या.

तपासणी सरसकट थोतांड आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. वास येतो पण दिसत काहीच नाही, पीओपीच्या छतामागे काहीतरी असल्याचा संशय आहे, किंवा मोठी दुरुस्ती झाल्यावर काम नीट झालंय का ते पाहायचंय, अशा वेळी जाणत्या माणसाने घेतलेले आतले-बाहेरचे नमुने उपयोगी पडतात. हवेतले बीजाणू मोजणं हे शास्त्रही आपल्याला नवं नाही. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात डॉ. एस. टी. टिळक यांनी हयातभर हेच काम केलं. त्यांनी बनवलेलं हवा ओढणारं यंत्र ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने देशभरच्या वनस्पतिशास्त्र विभागांत वापरलं गेलं. पण अशा कामात हवा दिवसेंदिवस, ऋतूमागून ऋतू पकडत राहावी लागते. पाच मिनिटांचा हिशेब आणि वर लाल शिक्का, ही त्या शास्त्राची थट्टा झाली.

घराघरांतली बुरशी गोळा करण्याच्या उद्योगातून जगाचं भलंही झालंय, हे जाता जाता सांगायला हवं. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात ला टूश नावाचा बुरशीतज्ज्ञ दमेकऱ्यांच्या घरांतून नमुने आणून त्यांचा अभ्यास करत होता. त्याच्या वरच्या मजल्यावर अलेक्झांडर फ्लेमिंगची प्रयोगशाळा होती. फ्लेमिंगच्या बशीत पडलेली ती प्रसिद्ध पेनिसिलियम बहुधा खालूनच उडत वर गेली असावी, असं मानलं जातं. आपल्याकडची गळती नेहमी वरून खाली येते. ही उलटी गेली.

शेजाऱ्यांच्या भीतीचं मूळ मात्र २०२१ मध्ये होतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात हाहाकार उडवला आणि ‘काळी बुरशी’ हे दोन शब्द घरोघरी जाऊन बसले. तेव्हापासून बाथरूमच्या कोपऱ्यातला काळा डागही लोकांना जीवघेणा वाटतो. म्युकरच्या बुरशा वेगळ्या. त्या मुख्यतः अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड्सने प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना गाठतात, आणि काळा रंग असतो तो मेलेल्या ऊतींचा. म्हणून भिंतीवरची बुरशी निरुपद्रवी, असं नाही. दमेकरी, लहान मुलं, फुप्फुसं अधू झालेली म्हातारी माणसं यांना ती छळते. दमेकऱ्यांपैकी काहींना अॅस्परजिलसचं वावडं होऊन फुप्फुसाचा एक चिवट आजार होतो आणि आपल्याकडे तो कित्येकदा क्षयरोग समजून क्षयाचीच औषधं दिली जातात. अशी शंका असेल तर तपासायचं ते रक्त. त्यातलं आयजीई आणि अॅस्परजिलसविरुद्धचं आयजीई. ते छातीच्या डॉक्टरांचं काम आहे, तिवईवाल्याचं नव्हे.

इंग्लंडातल्या रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे झालेल्या श्वसनाच्या आजाराने गेला. वडिलांनी तक्रार केली तेव्हा घरमालक संस्थेकडून त्यांना वरून रंग मारायला सांगण्यात आलं होतं. पुढे त्याच्या नावाने कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांवर ओल-बुरशीची तक्रार ठरावीक मुदतीत तपासून दुरुस्त करण्याचं बंधन आलंय.

वरून रंग मारा! हे तर आपण दरवर्षी दिवाळीआधी करतो. पाऊस जाऊन पंधरा दिवस झालेले नसतात, भिंत आतून ओली असते आणि आपण तिच्यावर पुट्टी लावून महागातला रंग चढवतो. पुढच्या जुलैत तो पापडासारखा सुटतो, मग रंगाच्या कंपनीला शिव्या.

शेजाऱ्यांकडे मग आम्ही एक साधी परीक्षा केली. जाड प्लास्टिकचा हातभर चौकोनी तुकडा भिंतीवर ओल होती तिथे लावला आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दोन दिवसांनी पाहिलं. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव जमलं असेल तर दोष खोलीतल्या दमट हवेचा: घरात वाळत घातलेले कपडे, बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन, भिंतीला चिकटवून ठेवलेलं कपाट. त्यांच्याकडे थेंब निघाले आतल्या, भिंतीकडच्या बाजूला. म्हणजे पाणी भिंतीतून येत होतं. वरच्या काकूंनी कुरकुर न करता बाथरूममधला नहाणी ट्रॅप बंद करून तिथे रंगीत पाणी साठवू दिलं. दुसऱ्या दिवशी खाली लाल डाग उमटला. पाच मिनिटांच्या पंपाने जे सांगितलं नव्हतं ते रंगाच्या पुडीने सांगितलं.

यापुढचं भांडण सोसायटीच्या ओळखीचं. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि सामायिक पाइपांची गळती सोसायटीने काढायची, सदस्याच्या बाथरूममधली त्याने स्वखर्चाने. सेक्रेटरींना हे पाठ असतं; फक्त त्यांच्या स्वतःच्या बाथरूमची वेळ आली की आठवत नाही.

गळती थांबली की भिंत पूर्ण वाळू द्या. टाइल, काच, लोखंड यांवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून काढा, नाकाला मास्क लावून. भिजलेलं प्लायवूड, गादी, पुठ्ठ्याचे खोके वाचवायच्या भानगडीत पडू नका. ब्लीच मारून बुरशी मेली तरी मेलेल्या बुरशीनेही शिंका येतात, म्हणून ती पुसून काढावीच लागते. परदेशी पुस्तकं घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा म्हणतात. जुलैतल्या मुंबईत बाहेरच ८०च्या वर असते, तेव्हा तो सल्ला नोव्हेंबरपर्यंत बाजूला ठेवलेला बरा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं मात्र कुठल्याही महिन्यात जमतं.

आणि एवढं सांगूनही कुणाला हवा तपासायचीच असेल तर पैसे देण्याआधी एकच विचारा: बाहेरचा नमुना घेणार का? उत्तर ‘नाही’ आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.