उदासीनांची ये-जा

‘उदासीन’ हा शब्द आपण बोलताना बहुधा खिन्न माणसासाठी वापरतो. त्याची फोड मात्र निराळे सांगते. उद् अधिक आसीन, म्हणजे अलिप्त बसलेला, कोणत्याच पक्षात नसलेला. शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी हाच जुना अर्थ उचलला आणि ज्या कणावर धन वा ऋण विद्युत्‌भार नाही, त्यास ‘उदासीन’ म्हटले. सूर्याची शेगडी पृथ्वीवर पेटविण्याच्या उद्योगात या अलिप्तांचे काम मोठे आहे.

हायड्रोजनच्या जड भावंडांची, ड्यूटेरियम व ट्रिटियम यांची, केंद्रके जुळून ऊर्जा मिळावी म्हणून वायू सुमारे १५ कोटी अंशांपर्यंत तापवावा लागतो. सूर्याच्या गाभ्याच्या दहापट! तेथे अणूंचे इलेक्ट्रॉन सुटून भारित कणांचा प्लाझ्मा होतो. त्यास कोणतेही भांडे पुरे पडत नाही. म्हणून चुंबकक्षेत्राचे कुंपण घालतात. परंतु जे कुंपण आतल्या भारित कणांस बाहेर सोडीत नाही, ते बाहेरच्यांसही आत घेत नाही. कुंपणाचा हा स्वभाव आम्हां सीमाभागातील मंडळींस समजावून सांगावा लागत नाही.

यावर युक्ती अशी: आयनांना प्रचंड वेग द्यायचा, मग वायूतून नेऊन त्यांचा भार उतरवायचा. उदासीन झालेला झोत कुंपण सहज ओलांडतो. आत टकरींमध्ये इलेक्ट्रॉन गमावून ते कण पुन्हा भारित होतात, अडकतात आणि आपली ऊर्जा इतरांस वाटतात.

गुंतागुंत पुढेच आहे. झोतातला अणू कधी आतल्या आयनाला आपला इलेक्ट्रॉन देतो. देणारा अडकतो, घेणारा उदासीन होऊन मोकळा सुटतो. असे नवे उदासीन कण झोताभोवती वलयासारखे पसरतात, पुन्हा तशीच देवघेव करतात आणि त्यांतले काही उष्णता घेऊन भिंतीवर आदळतात. किती निसटले, हे पाहण्यास आत तापमापक घालता येत नाही. म्हणून संगणकावर त्यांचे प्रतिरूप उभे करतात. १९४६ साली आजारातून उठताना एकट्याने पत्ते खेळत बसलेल्या स्टॅनिस्लाव उलाम यांना ही रीत सुचली. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावावरून तिला ‘माँटे कार्लो’ म्हणतात. सारीपाटावर कवड्या टाकाव्यात तसे प्रत्येक काल्पनिक कणासाठी दान टाकायचे: किती अंतर गेला, इलेक्ट्रॉन गमावला की दुसऱ्यास दिला? एका दानाला अर्थ नसतो. लाखो दानांची बेरीज मात्र खरी बोलते.

गुजरातेतील वाचकांच्या शेजारी, गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून ‘आदित्य’ यंत्रावर या विद्येचा अभ्यास होत आला. फ्रान्समधील ‘ईटर’ प्रकल्पात भारत २००५ साली सामील झाला. तेथील प्लाझ्माची नाडी पाहण्यासाठी हायड्रोजनचा उदासीन झोत पुरविण्याचे काम आपल्या देशाकडे आहे. आत साठणारी हेलियमची राख त्या झोताने उमटणाऱ्या प्रकाशावरून मोजायची आहे; त्या प्रकाशात वलयाचाही वाटा मिसळतो, आणि तो वेगळा काढण्यास पुन्हा दानांचाच हिशेब लागतो.

उष्णता आत नेणारे उदासीन, बाहेर पळविणारे उदासीन आणि आतली वार्ता सांगणारेही तेच. परप्रांतातील आपली मुले शास्त्र इंग्रजीतून शिकतात. त्यांना घरी हा एक शब्द त्याच्या मूळ अर्थासह अवश्य सांगावा. जो कोणत्याच पक्षात नाही, त्याचाही हिशेब ठेवावा लागतो, हे त्यांना मराठीतून कळेल.