चौथी सीट

मुंब्र्याजवळच्या वळणावर ९ जून २०२५ रोजी दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसे रुळांवर सांडली. मग चौकशी झाली, बंद दारांची घोषणा झाली, पाठीवरच्या बॅगांकडे बोट दाखवून झाले. मेलेल्यांची निदान मोजदाद होते. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी उपनगरी मार्गांवर सुमारे अडीच-अडीच हजार. पण रोज जिवंत उतरणाऱ्यांच्या देहाचा हिशेब कोणाच्या वहीत आहे?

बोरिवलीहून चर्चगेटला जाणारी कारकून बाई घ्या. घरून निघताना ती मुद्दाम पाणी पीत नाही. लोकलमध्ये शौचालय नाही आणि स्थानकावरच्यात पाय ठेववत नाही. चढताच पहिला प्रश्न, "कुठे उतरणार?" नशीब फळलेच तर चौथी सीट: तिघींच्या बाकाच्या कडेला अर्धे बूड टेकलेले, सारा भार एका पायावर, तोंडावर उभीची पर्स. अंधेरीला रेटा येतो तेव्हा तेवढेही सुटते. अशी वीस वर्षे काढली, कंबर धरली, की डॉक्टर विचारतात, "जड काही उचलता का?"

रेल्वेने या छळाला नाव मात्र झोकात ठेवले आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे! गुन्ह्याची व्याख्या स्वतःच करायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ तोच करायचा, हा निगरगट्टपणा अजब आहे. माणसांना गुरांसारखे न्यावे याची लाज वाटते, असे मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४मध्ये सुनावले. लाज न्यायालयाला वाटली. ज्यांना वाटायला हवी ते ढिम्म.

मेट्रोचे कौतुक आम्हाला सांगू नका. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग जून २०१४मध्ये सुरू झाला, तो चार डब्यांच्या गाडीने. घाटकोपरच्या पुलावर लोकलची गर्दी मेट्रोच्या रांगेवर आदळते. आत एसी आहे, कबूल. तिथवर पोचेतो सदरा पिळून घ्यावा लागतो.

आणि वर 'मुंबईचे स्पिरिट'! ११ जुलै २००६च्या लोकलमधल्या स्फोटांनंतर दुसऱ्याच सकाळी माणसे त्याच मार्गावरच्या गाड्यांत चढली, ती घराचा हप्ता थांबत नाही म्हणून. नाइलाजाला शौर्य म्हणणारी जीभ झडो.

पंधरा डब्यांच्या गाड्या सगळ्या मार्गांवर कधी? प्रत्येक फलाटावर धड शौचालय कधी? 'लवकरच' ही तारीख नव्हे. रविवारचा मेगाब्लॉक तुम्हाला मिनिटाबरहुकूम जाहीर करता येतो.