प्लेटा गेल्या? आधी दाखवा, मग बदला



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. पण दुखणं तेच आहे, जे आपण पिकात रोज बघतो.

गाडी चढाला रेस घेते पण पळत नाही. इंजिन ओरडतंय, चाक मात्र आपल्याच नादात. मागं दुधाचे कॅन असले की तर बघायलाच नको. गॅरेजवर नेली की तिथला माणूस गाडीवर न बसता, लिव्हरला हात न लावता निकाल देतो, "प्लेटा गेल्या." दुपारपर्यंत इंजिनचं उजवं कव्हर खाली, नवीन प्लेटा आत, आणि आपले पैसे गेलेले. जुन्या प्लेटा खरंच झिजल्या होत्या का? कुणी बघितलं? कुणी मोजलं? नाही.

माझा आक्षेप इथंच आहे. क्लच घसरतोय हे लक्षण झालं. प्लेटा गेल्या हा निष्कर्ष झाला. मधली तपासणी कुठंय? पान पिवळं दिसलं की नत्र कमी, असं म्हणून युरिया फेकणारा आणि हा, दोघं एकच. पान लोह कमी असलं तरी पिवळं पडतं, पाणी साचलं तरी पडतं, मूळ सडलं तरी पडतं.

आता क्लच म्हणजे आहे काय ते बघा. आत एकाआड एक चकत्या असतात, एक घर्षणाची, एक स्टीलची. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात, म्हणून इंजिनची ताकद चाकाकडे जाते. लिव्हर दाबलं की दाब सुटतो. म्हणजे घसरण्याची कारणं मोजकीच. दाब पूर्ण बसत नाही, तेल चुकीचं आहे, नाहीतर चकत्या-स्प्रिंगा संपल्यात. यातली पहिली दोन कव्हर न उघडता कळतात. मग उघडायची घाई का?

आधी खात्री करा की दोष क्लचचाच आहे. मोकळ्या सपाट रस्त्याला, टॉप गिअरमध्ये, ३०-४० च्या वेगात एक्सलेटर पूर्ण पिळा. आवाज चढला आणि वेग तिथंच राहिला, तर क्लच घसरतोय. आवाज आणि वेग दोन्ही दबलेलेच राहिले, तर क्लचला कशाला बदनाम करता? मागचा ब्रेक धरतोय का बघा, एअर फिल्टर धुळीनं बुजलाय का बघा. झटके देत कटकट आवाज आला तर चेन-स्प्रॉकेट बघा.

घसरतोय हे ठरलं, की क्रमानं चला.

१) लिव्हरचा प्ले. लिव्हरच्या टोकाला हलक्या बोटानं १० ते २० मिलीमीटर मोकळी चाल मिळाली पाहिजे. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात असतो. ही चाल शून्य असेल, तर तुम्ही गाडी कायम थोडा क्लच दाबूनच चालवताय. स्प्रिंगांचा पूर्ण दाब बसतच नाही. "क्लच लगेच उचलला पाहिजे" म्हणून वायर ताणून घेणारे आपल्यात कमी नाहीत. ताणलेल्या वायरीनं चांगल्या प्लेटाही जळतात.

२) क्लच वायर. चिखल, धूळ, फवाऱ्याचं पाणी, सगळं हिच्यात शिरतं. लिव्हर सोडल्यावर टक् करून परत येतं का? हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, प्ले बदलतो का? बदलत असेल तर वायर कुठंतरी अडकते किंवा ओढली जाते. तार पिंजली असेल तर वायर बदला.

३) तेल. आपल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. बहुतेक कारचा क्लच इंजिनच्या तेलाबाहेर, कोरडा असतो, त्यामुळं कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली चालतात. तीच द्रव्यं आपल्या प्लेटांवर बसली की पकड जाते. मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यावर इंग्रजीत 'जासो एमए' किंवा 'एमए २' छापलेलं असतं, ते शोधा. 'एमबी' असेल तर ते कोरड्या क्लचच्या स्कूटरचं तेल. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग झाली की उरलेलं लिटरभर तेल गाडीत ओतायची पद्धत गावोगाव आहे. इंजिन चालतं म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण त्या डब्यावर ती खूण नसेल, तर क्लच धरेल याची हमी कोण देणार? तेल बदलल्यावर काही दिवसांतच घसरणं सुरू झालं असेल, तर पहिला संशय तेलावर. आधी योग्य तेल घालून बघा.

हे तिन्ही नीट असूनही घसरत असेल, तर मग उघडा. जरूर उघडा. पण उघडल्यावर मोजा. घर्षणाच्या चकतीची जाडी व्हर्नियरनं. स्टीलची चकती काचेवर ठेवून, सपाट आहे का, तापून निळी पडलीय का. स्प्रिंगांची लांबी. क्लचच्या डब्याच्या दात्यांवर खाचा पडल्यात का. प्रत्येकाची मर्यादा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेली असते. स्प्रिंगा बदलायच्या तर सगळ्या एकदम. नव्या घर्षणाच्या प्लेटा तेलात भिजवून बसवायच्या. आणि शेवटी प्ले पुन्हा लावायचा, नाहीतर सगळं पाण्यात.

आमच्या शेजारच्या एका काकांच्या गाडीला वर्षात दोनदा प्लेटा पडल्या, दोन्ही वेळा एकाच गॅरेजात. तिसऱ्यांदा चढाला गाडी थांबली तेव्हा मी सोबत होतो. लिव्हरला प्लेच नव्हता, वायर तारेच्या कुंपणासारखी ताणलेली. प्ले लावल्यावर तोच चढ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली. दोन्ही वेळचा खर्च गेला, आणि दोन्ही वेळा सकाळचं दूध वेळेत केंद्रावर पोचलं नाही ते वेगळंच.

आता कुणी म्हणेल, मेकॅनिकनं हजार गाड्या बघितल्यात, त्याला आवाजावरून कळतं. मान्य. आवाजावरून घसरतंय हे कळतं. का घसरतंय हे आवाज सांगत नाही.

कुणी म्हणेल, मेकॅनिक लुटतात. हे मात्र मला अर्धंच मान्य आहे. प्ले लावायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांचे किती देतो आपण? "नुसता नट तर फिरवला, त्याचे कसले पैसे?" असं म्हणून किक मारून निघणारा गिऱ्हाईक रोज बघितला, तर तो माणूस पोट कशावर भरणार? पार्टवरच. कृषी सेवा केंद्रातला सल्ला फुकट मिळतो आणि बाटली विकत घ्यावी लागते, तसंच हे. तपासणी फुकट मागणाऱ्याला औषध महागातच पडतं, मग ते कपाशीचं असो की गाडीचं.

सहायक कृषी अधिकारी आपल्याला सांगतात, गुलाबी बोंडअळीचे सापळ्यात सलग ३ रात्री रोज ८ पतंग आले की मगच फवारणीचा विचार करा. आधी मोजा, मग खर्च करा. हे शेतात पटतं, तर गॅरेजात का नाही?

आणि वापराचंही बोललं पाहिजे. १०० सीसीची गाडी, जेमतेम ८ हॉर्सपॉवर. तिच्यावर युरियाची ४५ किलोची गोणी, वर पंप, मागं माणूस, आणि काळ्या रानातून हाफ क्लचवर अर्धा किलोमीटर. अशानं कुठलीही प्लेट जळणार. चिखलात पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा, नाही ओढली तर ओझं दोन खेपांत न्या. रस्त्यावर लिव्हरवरची बोटं उचला.

तेव्हा पुढच्या वेळी "प्लेटा गेल्या" ऐकलं की तीनच गोष्टी म्हणा. प्ले किती आहे ते दाखवा. तेल कुठलं आहे ते बघू. उघडलंच तर जुनी प्लेट माझ्यासमोर मोजा आणि माझ्या हातात द्या. आणि एवढं करून नुसता नट फिरवूनच काम झालं, तर त्या नट फिरवण्याचे पैसे हसत द्या. त्यानं तुमच्या प्लेटा वाचवल्यात.