खुर्चीला बांधलेली तारीख

फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकाविषयी बोलताना पहिला उल्लेख होतो तो पडलेल्या सरकारांचा. १९४६च्या राज्यघटनेपासून १९५८पर्यंतच्या बारा वर्षांत तिथे वीसहून अधिक मंत्रिमंडळे आली आणि गेली. सरासरी काढली तर एका मंत्रिमंडळाच्या वाट्याला जेमतेम सहा महिने येतात. यावरून एक निष्कर्ष इतका सरसकट काढला जातो की तो कोणी तपासूनही पाहत नाही: सरकार टिकत नव्हते म्हणून निर्णय होत नव्हते आणि १९५८ साली द गॉल यांनी स्थैर्य आणल्यावर देश मार्गी लागला. मला हा निष्कर्ष मान्य नाही. तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी एकाच पंतप्रधानाचा कारभार पुरेसा आहे. पिएर मेंडेस फ्रान्स १८ जून १९५४ रोजी सत्तेवर आले आणि ५ फेब्रुवारी १९५५ रोजी पायउतार झाले. या साडेसात महिन्यांत ज्या प्रश्नांवर त्यांनी आपली खुर्ची पणाला लावली किंवा निर्णयाचा भार स्वतः उचलला, ते सुटले किंवा सुटण्याच्या वाटेला लागले. ज्या प्रश्नांपासून त्यांनी खुर्ची अलगद बाजूला ठेवली, ते त्यांच्यावर उलटले. सरकारचे वय मोजण्यापेक्षा हा हिशेब मला अधिक बोलका वाटतो.

मेंडेस हे अपघाताने पुढे आलेले पुढारी नव्हते. १९०७ साली पॅरिसमधल्या एका ज्यू कुटुंबात जन्म, तरुणपणीच वकिली आणि १९३२ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी नॉर्मंडीतल्या अर जिल्ह्यातून रॅडिकल पक्षाचे खासदार. फ्रान्स पडल्यावर जर्मनांशी सहकार्य करणाऱ्या विशी सरकारने त्यांना सैन्यातून पळाल्याच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा ठोठावली. ते तुरुंगातून निसटले, लंडनला पोचले आणि मुक्त फ्रान्सच्या बाँबफेकी विमानांतून लढले. १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत फ्रेंच शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनी केले आणि मुक्तीनंतर ते अर्थव्यवहार मंत्री झाले. तिथेच त्यांचा स्वभाव दिसला. युद्धकाळात फुगलेला चलनसाठा कठोर उपायांनी आटवावा, असा त्यांचा आग्रह होता. अर्थमंत्री रने प्लेव्हाँ यांना सौम्य मार्ग हवा होता. द गॉल यांनी प्लेव्हाँ यांची बाजू घेतली आणि १९४५च्या एप्रिलमध्ये मेंडेस यांनी राजीनामा दिला. पुढची नऊ वर्षे ते एकाही मंत्रिमंडळात नव्हते. जून १९५३ मध्ये पंतप्रधानपदासाठी ते सभागृहापुढे उभे राहिले तेव्हा राज्य करणे म्हणजे निवड करणे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ३१४ मते हवी होती, ३०१ पडली.

या ३१४ मागची पद्धत समजून घेतली पाहिजे. १९४६च्या घटनेनुसार नियोजित पंतप्रधानाने आधी एकट्याने सभागृहापुढे यायचे, कार्यक्रम मांडायचा, सदस्यसंख्येचे पूर्ण बहुमत मिळवायचे आणि मग मंत्री निवडायचे. घटनाकारांचा हेतू चांगला होता. पण १९४७ साली पॉल रामादिए यांनी मंत्रिमंडळ बनवून पुन्हा सभागृहाची मान्यता घेतली आणि तो पायंडा पडला. साहजिकच खरी सत्ता पक्षांच्या बैठकांत गेली. कोणाला कोणते खाते हे तिथे ठरायचे आणि एखादा पक्ष रुसला की त्याचे मंत्री बाहेर पडून सरकार पाडायचे. मेंडेस यांनी १९५४ साली पक्षांशी खातेवाटपाची बोलणी करायचे नाकारले. त्यांनी माणसे निवडली: गृहखात्यात तरुण फ्रान्स्वा मित्तराँ, अर्थखात्यात एद्गार फोर, संरक्षणात गॉलवादी जनरल कोएनिग. ख्रिस्ती लोकशाहीवादी एमआरपी पक्षाने सहभाग नाकारला तरी त्या पक्षातले रोबेर ब्युरों व्यक्तिशः आले. समाजवादी बाहेरून पाठिंबा देत राहिले. परराष्ट्र खाते मेंडेस यांनी स्वतःकडे ठेवले.

त्या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिचे समर्थन मला करता येत नाही. कम्युनिस्टांची मते आपण बहुमतात धरणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. कारण समजण्यासारखे होते. व्हिएतनामी कम्युनिस्टांशी वाटाघाटी करायला निघालेला माणूस घरच्या कम्युनिस्टांच्या मतांवर उभा आहे, असे कोणाला म्हणता येऊ नये. पण १९५१च्या निवडणुकीत फ्रान्समधल्या साधारण चारातल्या एका मतदाराने त्या पक्षाला मत दिले होते. त्या मतदारांचे प्रतिनिधी मोजायचेच नाहीत, हा लोकशाहीतला चुकीचा पायंडा होता. ४१९ विरुद्ध ४७ असा ठराव मंजूर झाला आणि कम्युनिस्ट वजा करूनही बहुमत उरले, म्हणून ही गोष्ट तेव्हा खपून गेली.

आता जिनीव्हाकडे येऊ. ७ मे रोजी इंडोचायनातले फ्रेंच ठाणे दिएन बिएन फू पडले होते आणि इंडोचायनावरची परिषद जिनीव्हात चालू होती. पण परराष्ट्रमंत्री जॉर्ज बिदो व्हिएतनामी कम्युनिस्टांच्या, म्हणजे व्हिएतमिन्हच्या, प्रतिनिधींशी समोरासमोर बोलायला तयार नव्हते. आठवडे नुसते निघून जात होते. १२ जूनला जोझेफ लानिएल यांचे सरकार पडले. मेंडेस यांनी सभागृहाला सांगितले की २० जुलैपर्यंत मला तह जमला नाही तर मी राजीनामा देईन. २३ जूनला बर्नमध्ये ते चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना भेटले. मुदत देणाऱ्याचा हात बांधला जातो, हे त्यांना कळत होते. म्हणून ७ जुलैला त्यांनी दुसरे टोकही जाहीर केले: तह झाला नाही तर सक्तीच्या भरतीतले तरुण इंडोचायनात पाठवण्याचा प्रस्ताव आपण सभागृहापुढे मांडू. तोवर हे युद्ध व्यावसायिक सैनिक आणि वसाहतींतल्या पलटणी लढत होत्या. आता प्रत्येक फ्रेंच घराला निवड करणे भाग पडणार होते. २० जुलैच्या रात्री उशिरा सतराव्या अक्षांशावर व्हिएतनामची तात्पुरती विभागणी मान्य झाली आणि सह्या प्रत्यक्षात मध्यरात्र उलटल्यावर झाल्या. अंमलबजावणीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले. परिषदेचे सदस्य नसतानाही भारताच्या कृष्ण मेनन यांनी जिनीव्हात केलेल्या मध्यस्थीला त्यातून पोचपावती मिळाली.

यावर पहिला आक्षेप असा की हा तह मेंडेस यांचा नव्हेच. युद्ध रणांगणावर हरले होते, सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह आणि चौ यांना अमेरिकेची लष्करी उडी टाळायची होती, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ईडन यांना परिषद यशस्वी करायची होती. मेंडेस फक्त योग्य वेळी दारात उभे होते. यात तथ्य आहे, पण अर्धे. दिएन बिएन फू लानिएल सरकारच्या डोळ्यांसमोरच पडले होते, परिषदही तीच होती आणि राष्ट्रेही तीच. बदलली ती एक गोष्ट: समोरच्यांना कळले की २० जुलै उलटली तर बोलणी करू इच्छिणारा फ्रेंच पंतप्रधान उरणार नाही आणि त्याच्या जागी कोण येईल हे सांगता येणार नाही. परिस्थितीने संधी दिली, तारखेने तिचे करारात रूपांतर केले. याच तहातला दुसरा पुरावाही पाहण्यासारखा आहे. व्हिएतनामच्या एकीकरणासाठी जुलै १९५६ मध्ये निवडणुका घ्यायच्या, असे परिषदेच्या अंतिम जाहीरनाम्यात लिहिले होते. त्या तारखेसाठी कोणाचीही खुर्ची तारण नव्हती. दक्षिण व्हिएतनाम आणि अमेरिकेने जाहीरनाम्याला बांधून घेतले नाही, निवडणुका झाल्याच नाहीत आणि पुढे काय घडले हे जगाला ठाऊक आहे.

जिनीव्हानंतर दहा दिवसांत, ३१ जुलैला, मेंडेस मार्शल ज्युआँ यांना सोबत घेऊन ट्युनिसजवळच्या कार्थेजला उतरले आणि ट्युनिशियाला अंतर्गत स्वायत्तता जाहीर केली. इथे मुदत नव्हती. पण निर्णयाचा भार त्यांनी दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर टाकला नाही, आणि दोन वर्षांच्या आत ट्युनिशिया स्वतंत्र झाला. भारताच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा निर्णय पाँडिचेरीचा. १९४८च्या करारात फ्रेंच वसाहतींत सार्वमत घ्यायचे ठरले होते. चंद्रनगरने कौल दिला आणि ते भारताकडे आले. पाँडिचेरी, कारिकल, माहे आणि यानम मात्र अडकून पडले. १९५४च्या उन्हाळ्यापर्यंत यानम आणि माहे फ्रेंचांच्या हातून गेलेच होते. भारताने आर्थिक कोंडी केली होती आणि पाँडिचेरीतले फ्रेंचांचे जुने पाठीराखेही भारताकडे वळले होते. अडचण होती ती घटनेची: तिथल्या लोकांच्या संमतीशिवाय फ्रेंच प्रदेश सोडता येत नव्हता. मेंडेस सरकारने सार्वमताऐवजी लोकनियुक्त प्रतिनिधींचा कौल घ्यायचे मान्य केले आणि प्रत्यक्ष ताबा व कायदेशीर हस्तांतर या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. १८ ऑक्टोबरला किळूर गावी १७८ प्रतिनिधी जमले, १७० जणांनी भारताच्या बाजूने मत दिले. २१ तारखेला करार झाला, १ नोव्हेंबरला तिरंगा फडकला. सात वर्षे रखडलेले काम पंधरा दिवसांत झाले. १९५६ साली झालेल्या हस्तांतराच्या तहावर फ्रान्सची अंतिम मोहर १९६२ पर्यंत उमटली नाही, पण पाँडिचेरीच्या माणसाला त्यासाठी रक्त सांडावे लागले नाही.

हे महाराष्ट्राने आणि गोव्याने विशेष लक्षात घ्यायला हवे, कारण त्याच वर्षांत आपल्या शेजारी उलटे घडत होते. लिस्बनमध्ये सालाझार १९३२पासून पंतप्रधान होते. युरोपात इतके स्थिर सरकार क्वचितच सापडले असते. पोर्तुगालने १९५१ साली घटना बदलून गोव्याला सागरपार प्रांत ठरवले आणि बोलणीची दारे बंद केली. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. सुटका झाली ती १९ डिसेंबर १९६१ला, लष्कर पाठवून. हुकूमशाहीशी लोकशाहीची तुलना अन्याय्य आहे, असे कोणी म्हणेल. माझा मुद्दा नेमका तिथेच आहे. सालाझारांना तारीख विचारणारे सभागृह नव्हते, म्हणून त्यांची चौकट टिकली आणि प्रश्नही कुजत राहिला.

पण मेंडेस यांच्या कारभाराची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. युरोपीय संरक्षण समुदायाचा तह मे १९५२ मध्ये झाला होता. जर्मन सैनिकांना सामाईक युरोपीय सैन्यात घ्यायचे की नाही, यावर फ्रान्स उभा दुभंगला होता आणि दोन वर्षे एकाही पंतप्रधानाने तो तह सभागृहात मतदानाला आणला नव्हता. मेंडेस यांनी आणला, पण सरकार तटस्थ ठेवून. विश्वासाचा प्रश्न केला नाही, मंत्र्यांनी मतदान केले नाही. आधी तहाचे विरोधक असलेले तीन मंत्री गेले, नंतर समर्थक असलेले तीन. ३० ऑगस्टला एका प्रक्रियात्मक ठरावाने, मूळ विषयावर पुरी चर्चाही न होता, ३१९ विरुद्ध २६४ मतांनी तह गाडला गेला. एमआरपीने हे कधी माफ केले नाही. आणि पाहा, जर्मनीच्या शस्त्रसज्जतेचाच प्रश्न डिसेंबरमध्ये पॅरिस करारांच्या रूपाने पुन्हा आला. नाताळच्या आदल्या दिवशी सभागृहाने त्यातला कळीचा भाग फेटाळला. या वेळी मेंडेस यांनी विश्वासाचा प्रश्न केला आणि ३० डिसेंबरला २८७ विरुद्ध २६० मतांनी करार मंजूर झाला. सभागृह तेच होते, भीतीही तीच होती. फरक खुर्चीचा होता.

अल्जिरिया हा याहून मोठा घाव. पाँडिचेरीत तिरंगा चढला त्याच दिवशी, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, अल्जिरियात सशस्त्र उठाव सुरू झाला. मेंडेस आणि मित्तराँ यांची प्रतिक्रिया ठाम होती: अल्जिरियाचे जिल्हे हा प्रजासत्ताकाचा अविभाज्य भाग आहे, ट्युनिशियाचा न्याय इथे लागू नाही. इथे दुसरा आक्षेप येतो. सुमारे दहा लाख युरोपीय वस्तीचा प्रदेश मुदत घालून कसा सोडवणार? हे खरे आहे की स्वातंत्र्याची तारीख १९५४ साली कोणताही फ्रेंच पुढारी देऊ शकला नसता. पण सुधारणांची देता आली असती. १९४७चा अल्जिरियाचा कायदा कागदावरच होता आणि तिथल्या निवडणुकांत प्रशासनच मते भरत होते. त्या कायद्याची अंमलबजावणी आणि अल्जिरियातल्या पोलिसांना पॅरिसच्या नियंत्रणाखाली आणणे, ही कामे जानेवारी १९५५ मध्ये सुरू झाली. सहा महिने आधी, हातात जिनीव्हाचे यश ताजे असताना, ती घेतली असती तर वसाहतवाद्यांना संघटित व्हायला वेळ मिळाला नसता. उशीर झाल्याने उलटे घडले. कॉन्स्टँटीनचे खासदार रने मायर, जे मेंडेस यांच्याच पक्षाचे होते, त्यांनी उत्तर आफ्रिकेच्या चर्चेत सरकारविरुद्ध भाषण केले आणि ५ फेब्रुवारीला ३१९ विरुद्ध २७३ मतांनी सरकार पडले.

स्थैर्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी यापुढची दोन वर्षेही वाचावीत. चौथ्या प्रजासत्ताकातले सर्वांत दीर्घायुषी मंत्रिमंडळ गी मोले यांचे, फेब्रुवारी १९५६ ते मे १९५७. रोमचा तह आणि कामगारांना पगारी रजेचा तिसरा आठवडा ही त्याची मोठी कामे आहेत, ती मी कमी लेखत नाही. पण ६ फेब्रुवारीला अल्जियर्समध्ये युरोपीय जमावाने टोमॅटो फेकताच मोले झुकले, विशेषाधिकारांचा कायदा आला आणि सक्तीच्या भरतीतले तरुण लाखोंनी अल्जिरियात गेले. मेंडेस त्या मंत्रिमंडळात बिनखात्याचे मंत्री होते. २३ मे १९५६ रोजी त्यांनी याच धोरणावरून राजीनामा दिला. अल्जिरियाने पुढे ते प्रजासत्ताकच संपवले.

१९५८ साली मेंडेस यांनी द गॉल यांच्या घटनेला विरोध केला आणि त्याची किंमत मतदारसंघ गमावून मोजली. १९६२च्या ‘आधुनिक प्रजासत्ताक’ या पुस्तकात त्यांनी पर्याय मांडला. सरकार आणि सभागृह यांनी ठरलेल्या कार्यक्रमावर पूर्ण मुदतीचा करार करावा, आणि सभागृहाने तो मोडून सरकार पाडले तर सभागृहही बरखास्त होऊन दोघांनी मिळून मतदारांपुढे जावे. म्हणजे तारीख आणि खुर्ची यांची जी गाठ त्यांनी १९५४ साली स्वतःपुरती बांधली होती, ती खासदारांच्याही खुर्चीला बांधायची. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरच्या सार्वमतात फ्रेंच मतदारांनी राष्ट्राध्यक्ष थेट निवडण्याचा मार्ग पत्करला आणि हा प्रस्ताव कधी आजमावला गेला नाही.