ड्रोनची चित्रफीत नेमका कशाचा पुरावा आहे?

१/ "रणगाडा संपला, पायदळ संपले. आता युद्ध म्हणजे डोळ्यांना चष्मा लावून बसलेला एक मुलगा आणि त्याच्या हातातला रिमोट." हे वाक्य थोड्याफार फरकाने गेली दोन-तीन वर्षे इतक्या वेळा वाचनात आले आहे, की ते लिहिणाऱ्यांनी ते एकदा तरी तपासून पाहिले असेल का, अशी शंका येते. आजचा धागा या वाक्याविरुद्ध आहे. लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

२/ विषय डोक्यात घोळू लागला तो ग्रंथालयात नव्हे, घरीच. साताऱ्याकडचा माझा मामेभाऊ सैन्यभरतीची तयारी करतो. रोज पहाटे साडेचारला उठून धावतो. दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, आता सोळाशे मीटर धावून काय उपयोग? सगळं ड्रोनच लढणार." त्याच्या मोबाइलवर युक्रेनमधल्या अशा कितीतरी चित्रफिती होत्या. पार्श्वसंगीतासह. उद्या हा मुलगा गणवेशात असेल. त्याने त्या चित्रफितींतून जे शिकून ठेवले आहे, ते चुकीचे असले तर किंमत त्यानेच मोजायची आहे.

३/ आपण इतिहासाचे विद्यार्थी बखर हाती आली की तिची उलटतपासणी घेतो. लिहिणारा कोण, कोणाच्या आज्ञेने लिहिले, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले, कोणाचा उल्लेख गाळला. मग हीच शिस्त चित्रफीत समोर आली की कुठे जाते? ती "डोळ्यांनी पाहिलेली" असते म्हणून? पण डोळे आपले असले, तरी कॅमेरा त्या तुकडीचा असतो, काटछाट तिचीच असते आणि प्रसिद्धीचा हेतूही तिचाच असतो.

४/ लंडनच्या 'रुसी' या संरक्षण-अभ्याससंस्थेच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात एक आकडा आहे. युक्रेनचे ६० ते ८० टक्के एफपीव्ही ड्रोन लक्ष्यापर्यंत पोहोचतच नाहीत. आघाडीचा भाग कोणता आणि चालक किती कसलेला, यावर हे प्रमाण बदलते. म्हणजे आपण जी एक चित्रफीत पाहतो, तिच्यामागे दोन, तीन, कधी चार अशी उड्डाणे असतात, जी जॅमिंगमुळे भरकटली, तारेत अडकली, झाडावर आदळली किंवा बॅटरी संपून शेतात पडली. त्यांची चित्रफीत कोणी प्रसिद्ध करत नाही. बखरकाराने पळालेल्या सरदारांची नावे गाळावीत, तसेच हे.

५/ युक्रेनमध्ये तर पडताळलेल्या माऱ्याबद्दल तुकडीला गुण द्यायचे आणि त्या गुणांवर नवे ड्रोन, नवी उपकरणे मिळू द्यायची, अशी सरकारी योजनाच आहे. पडताळणी होते ती चित्रफितीवरून. योजनेमागचा विचार समजण्यासारखा आहे, कारण जी तुकडी परिणाम दाखवते तिला साधने आधी मिळतात. पण साधन म्हणून पाहता तिचा अर्थ असा, की जे चित्रित होते तेच मोजले जाते. रात्रभर चिखलात पडून एक नाला राखणाऱ्या तिघा जवानांच्या खात्यावर गुण जमा होत नाहीत.

६/ आता दुसऱ्या पक्षाच्या मंडळींनी टाळ्या पिटण्याआधी थांबावे. "ड्रोन म्हणजे खेळणे, यात नवीन काही नाही" असे म्हणणारेही तितकेच आळशी. त्याच अहवालात म्हटले आहे, की रशियाच्या नष्ट वा निकामी झालेल्या सामग्रीपैकी ६० ते ७० टक्के वाटा आता अशा ड्रोनचा आहे. बहुतेक ड्रोन वाया जातात आणि तरीही बहुतेक हानी ड्रोनच करतात, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्यांचा मेळ ज्याला घालता येत नाही, त्याने या विषयावर ठाम बोलू नये.

७/ मेळ कसा घालायचा? एका एफपीव्हीमागची माणसे मोजा. चालक. वरून टेहळणीचा दुसरा ड्रोन उडवून त्याला वाट दाखवणारा. स्फोटक बसवणारा. अंधारात दिवे न लावता गाडी हाकणारा. त्यांच्या मागे, एखाद्या तळघरात, आजची वारंवारता शत्रूने दाबली म्हणून उद्यासाठी वेगळी बसवून देणारा तंत्रज्ञ. काहीशे डॉलरचे यंत्र त्या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला असते. साखळी बसवणे, तिला सराव देणे आणि तिच्यातला एक माणूस पडला तरी ती चालू ठेवणे हे सैन्याचे काम, आणि ते बाजारात विकत मिळत नाही.

८/ 'ड्रोनने जिंकलेले पहिले युद्ध' म्हणून सर्रास दाखला दिला जातो तो २०२० च्या काराबाख युद्धाचा. २७ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर, ४४ दिवस. अझरबैजानचे बायराक्तार टीबी-२, इस्रायली बनावटीचे हारोप, आणि जुन्या आन-२ विमानांना बिनवैमानिकी आमिष बनवून आर्मेनियन तोफा-क्षेपणास्त्रांना उघडे पाडण्याची युक्ती, हे सारे खरे. या चित्रफिती बाकूच्या रस्त्यांवर मोठ्या पडद्यांवर दाखवल्या गेल्या.

९/ पण युद्धाचा निकाल लागला तो शुशात. कड्यावर वसलेले हे शहर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडले, तेव्हा दाट धुके होते आणि ड्रोन जवळपास आंधळे झाले होते. अझरबैजानचे विशेष दलाचे जवान हलकी शस्त्रे घेऊन जंगलातून दिवसचे दिवस चालत आले, कडे चढले आणि गल्लीबोळांतून लढले. त्याची चित्रफीत फारशी नाही, म्हणून ते आपल्या स्मरणातही नाही. शिवाय या 'ड्रोनने जिंकलेल्या' युद्धात विजेत्या अझरबैजानचे स्वतःच्या सरकारी आकड्यांनुसार सुमारे २,९०० सैनिक मेले. चव्वेचाळीस दिवसांत.

१०/ (गड चढून जाणाऱ्यांच्या कथा ऐकत वाढलेल्या आपल्या मराठी वाचकांनी तरी हा भाग विसरायला नको होता, असे राहून राहून वाटते. असो.)

११/ 'रणगाडा मेला' ही घोषणाही नवी नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये इजिप्तच्या फौजेने सुएझ कालवा ओलांडला. इस्रायली रणगाडे सवयीप्रमाणे पायदळ आणि पुरेसा तोफखाना सोबत न घेता प्रतिहल्ल्याला धावले आणि त्यांच्यावर सोव्हिएत बनावटीची 'सॅगर' क्षेपणास्त्रे तुटून पडली. सॅगर म्हणजे काय? मागे बारीक तार सोडत जाणारे क्षेपणास्त्र. खड्ड्यात बसलेला सैनिक छोट्या दांड्याने ते लक्ष्यापर्यंत हाकत नेतो. आज ज्या फायबर ऑप्टिक ड्रोनचे इतके कौतुक चालले आहे, त्याचे हे पूर्वजच.

१२/ इजिप्शियन सैनिक त्या दांड्यावर तरबेज होते, कारण त्यांच्याकडून सिम्युलेटरवर अक्षरशः कंटाळा येईपर्यंत सराव करून घेतला होता. ८ ऑक्टोबरचा इस्रायली प्रतिहल्ला फसला. जगभर लेख आले, रणगाड्याचे युग संपले.

१३/ मग काय झाले? इस्रायली तुकड्यांनी लढता लढताच उपाय शोधले. प्रत्येक पथकात कोणीतरी केवळ क्षितिजावर नजर ठेवायची. क्षेपणास्त्र सुटलेले दिसले की रेडिओवर ओरडायचे. सगळ्यांनी एकदम वेडीवाकडी हालचाल करायची, धूळ उडवायची आणि ज्या दिशेने ते आले तिकडे मारा करायचा. क्षेपणास्त्राला पोहोचायला वीसेक सेकंद लागत आणि तेवढा वेळ चालकाला मान खाली घालता येत नसे. यंत्र भेदणे शक्य नव्हते, म्हणून ते चालवणाऱ्याचे लक्ष विचलित केले. १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे आपल्या विमानवेधी क्षेपणास्त्रांची छत्री सोडून पुढे आले आणि सुमारे २५० गमावून बसले. हत्यार तेच, महिना तोच. वागणे तेवढे बदलले.

१४/ त्याही आधीचे उदाहरण मला अधिक आवडते, कारण त्यात नाट्य अजिबात नाही. १ जुलै १९१६, सोमची लढाई, ब्रिटिश सैन्याचे एका दिवसात ५७,४७० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता. त्यानंतर फेब्रुवारी १९१७ मध्ये एक छोटी पुस्तिका निघाली, 'एसएस १४३'. विषय अगदी रुक्ष, पलटणीचे प्रशिक्षण. तीस-चाळीस जणांच्या तुकडीचे चार भाग करायचे. एकाकडे लुईस मशीनगन, एकाकडे हातबाँब, एकाकडे रायफलीने फेकायचे बाँब, एकाकडे साध्या रायफली. जे हत्यार पूर्वी वरच्या पातळीवर राखून ठेवलेले असे, ते सर्वांत खालच्या अधिकाऱ्याच्या हाती दिले आणि ते कसे वापरायचे याचा निर्णयही त्याच्यावर सोपवला. युद्धतंत्रातला खरा बदल बहुधा अशाच कंटाळवाण्या कागदांत सापडतो.

१५/ आता युक्रेन. २०२२ च्या वसंतात बायराक्तारवर गाणी रचली गेली. रशियाने विमानवेधी यंत्रणा नीट मांडली आणि उन्हाळ्यापर्यंत ते आघाडीवरून जवळपास दिसेनासे झाले. मग छोटे क्वाडकॉप्टर आले. त्यांच्यावर जॅमिंग आले. २०२३ मध्ये युक्रेन दरमहा सुमारे १०,००० ड्रोन गमावत असल्याचा 'रुसी'चाच अंदाज होता. त्या हिवाळ्यात अमेरिकी मदत अडकली, तोफगोळे संपत आले आणि एफपीव्ही तोफेच्या जागी वापरणे भाग पडले. 'ड्रोनक्रांती'चा मोठा भाग गोळे नव्हते म्हणून घडला, हे कोणी फारसे सांगत नाही. २०२४ पासून जॅमिंगला दाद न देणारे फायबर ऑप्टिक ड्रोन मोठ्या संख्येने आले. कुर्स्कमध्ये सुद्झाकडे जाणारा युक्रेनचा रसदमार्ग त्यांनीच असह्य केला. आणि रशियाने ऑगस्ट २०२४ मध्ये उभारलेले 'रुबिकॉन' केंद्र रणगाड्यांपेक्षा रसदीच्या गाड्या आणि ड्रोनचालक यांची शिकार अधिक करते.

१६/ या यादीतली कोणतीही आघाडी टिकली किती? काही महिने. म्हणजे आज छापलेला अभ्यासक्रम भरती झालेला मुलगा बाहेर पडेपर्यंत शिळा होतो. प्रशिक्षणापुढचा पेच आहे तो हा, आणि त्यावर ड्रोनची संख्या हे उत्तर असू शकत नाही.

१७/ २०२३ च्या उन्हाळ्यातला युक्रेनचा प्रतिहल्ला आठवा. पाश्चात्त्य देशांत शिकून आलेल्या ब्रिगेड लेपर्ड आणि ब्रॅडली घेऊन ओरिखिवच्या दक्षिणेला पुढे सरकल्या आणि ८ जूनला माला तोक्माच्काजवळ भूसुरुंगांत अडकल्या. वरून सतत टेहळणी, खालून सुरुंग, बाजूने हेलिकॉप्टर. काही आठवड्यांची शिकवणी ज्या युद्धासाठी दिली होती त्यात आकाश आपले असते. इथे ते कोणाचेच नव्हते. युरोपातल्या सरावमैदानांवर जॅमर मनमोकळेपणाने चालवताही येत नाहीत, आसपासचे नागरी दळणवळण बिघडते म्हणून. शांततेचे नियम योग्यच आहेत, पण त्या नियमांत शिकलेला सैनिक पहिल्यांदा जॅमिंग अनुभवतो तो थेट रणांगणावर.

१८/ त्यानंतर जे बदलले ते पाहा. गाडीतून कित्येक किलोमीटर आधीच उतरून चालत जाणे. दहा-वीसच्या जागी दोघा-तिघांनी, अंतर ठेवून हलणे. पाऊस, धुके आणि तिन्हीसांजेची वेळ साधणे, कारण त्या वेळी दिवसाचा कॅमेराही नीट काम करत नाही आणि उष्णता टिपणाराही. लांबलचक खंदकांऐवजी छोटे, वरून झाकलेले खड्डे. रस्त्यांवर मैलोन्मैल जाळी. ड्रोनचे संकेत पकडणारे खिशात मावणारे यंत्र. आणि शेवटचा उपाय म्हणून छर्ऱ्यांची बंदूक. २०२४ च्या अखेरीस युक्रेनने नवशिक्या सैनिकांचे मूलभूत प्रशिक्षण महिन्यावरून दीड महिन्यावर नेले. माणूस अनावश्यक झाला असता तर त्याला शिकवायचा काळ वाढवला असता का?

१९/ आणि यातल्या प्रत्येक उपायाची किंमत आहे. तिघेच पुढे गेले, तर ते जागा घेतील कदाचित, राखणार कशी? जखमीला मागे आणायला चौघे लागतात आणि चौघे दिसले की ड्रोन येतो. म्हणून जखमी माणूस दिवसचे दिवस खड्ड्यातच पडून राहतो. काही जवान एकाच जागी महिनोन्महिने अडकले आहेत आणि त्यांचे पाणी, भाकरी, गोळ्या ड्रोनच आणून टाकतो. जो सोळाशे मीटर धावू शकत नाही, तो पाठीवर ओझे घेऊन रात्रीत बारा-पंधरा किलोमीटर चालेल कसा? मामेभावाला मी हेच विचारले.

२०/ आपल्याकडे काय? मे २०२५ मध्ये, ८ आणि ९ तारखांच्या रात्री, पाकिस्तानने ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचे सरकारने सांगितले. ते पाडण्यात एल-७० या तोफेचा मोठा वाटा होता. ही तोफ मूळची कित्येक दशके जुनी, नव्या दृष्टियंत्रांची जोड दिलेली. जुलैमध्ये द्रास येथे लष्करप्रमुखांनी पायदळाच्या बटालियनांत ड्रोन पलटणी बसवल्याचे जाहीर केले. नागपुरात तयार झालेले 'नागास्त्र' लष्कराकडे पोहोचले आहे. हे सारे योग्य दिशेनेच चालले आहे. माझी धास्ती वेगळी आहे. पलटण कागदावर उभी राहिली आणि यंत्र खोक्यात आले, की आपल्या वृत्तवाहिन्या विजय जाहीर करतात. त्या पलटणीला वर्षाला किती ड्रोन सरावात फोडायची मुभा आहे, हे कोणी विचारत नाही. महागडे यंत्र मोडले म्हणून चौकशी मागे लागणार असेल, तर चालक ते उडवायलाच धजणार नाही. ज्या सैन्यात मोडण्याची परवानगी नाही, तिथे शिकणेही होत नाही.

२१/ असईचा दाखला इथे द्यायचा मोह अनेकांना होईल. शिंद्यांच्या तोफा उत्तम होत्या, मग काय कमी पडले, वगैरे. तो विषय एका परिच्छेदात उरकण्याजोगा नाही. त्यावर स्वतंत्र धागा लिहीन.

२२/ मतभेद जरूर नोंदवा. पुरावा म्हणून चित्रफीत जोडणार असाल, तर ती कोणत्या तुकडीने आणि केव्हा प्रसिद्ध केली तेवढे सोबत लिहा.