सगळंच ‘उष्णतेचं’ नसतं

धरमतर खाडीकाठच्या खारेपाटात भातलावणी म्हणजे दिवसभर चिखलात उभं राहणं. पायाला चिरा पडलेल्या आणि मनात लेप्टोच्या तापाची धास्ती. अशा वेळी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात आणि ते योग्यच आहे. पण कामाच्या घाईत ती कॅप्सूल एका घोटाबरोबर गिळून माणूस आडवा होतो. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. मग घास गिळताना छातीत दुखतं, आणि घरातले म्हणतात, ‘गोळी गरम पडली.’ त्यापेक्षा ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नका. लोहाच्या आणि अॅसिडिटीच्या गोळ्यांबरोबर घेतली तर ती अंगाला नीट लागत नाही, म्हणून त्यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

जुलाब झाले तरी ‘गोळी गरम पडली’ असंच म्हणतात. अँटिबायोटिक रोगजंतूंबरोबर आतड्यातले उपयोगी जंतूही मारतं. त्यामुळे दोन-तीन वेळा पातळ झालं तर बहुधा कोर्स संपल्यावर थांबतं. तोवर पेज आणि ओआरएस पुरतं. मात्र पाण्यासारखे जुलाब थांबेनात, पोटात कळा येऊ लागल्या, ताप आला किंवा रक्त पडलं, तर ते साधं पोट बिघडणं नव्हे. मोकळ्या झालेल्या आतड्यात ‘क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल’ नावाचा जंतू फोफावलेला असू शकतो. कोर्स संपून महिना झाला तरी तो डोकं वर काढतो, म्हणून जुन्या गोळ्यांशी त्याचा संबंध कुणी लावत नाही. मेडिकलमधून जुलाब बंद करायची गोळी आणणं हा इथे सर्वांत वाईट उपाय.

अँटिबायोटिक घेतल्यावर जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला, किंवा बायकांना खाज सुटून घट्ट पांढरं जाऊ लागलं, तर ती कँडिडा ही बुरशी असू शकते. बायका लाजेपायी आठवडे काढतात. अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स घेतला तर ही बुरशी वाढतेच. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1954 साली पेनिसिलिनसाठी उभा राहिला; पुढे तिथल्याच संशोधकांनी बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं. जिथे जंतूंवरचं औषध बनत होतं, तिथेच बुरशीवरचंही सापडलं, हे मला फार सूचक वाटतं.

गोळ्यांची रिकामी स्ट्रिप फेकू नका. दवाखान्यात जाताना ती खिशात असू द्या, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक घेतलं होतं ते डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा.