घराचं अपील मुंबईत कशाला?

पालिकांच्या बांधकाम परवान्यांवर या सदरात पूर्वी लिहिलं आहे. विषय पुन्हा काढला तो या आठवड्यात धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबहून आलेल्या एका वाचकाच्या फोनमुळे. त्यांच्या प्लॉटवर घराची परवानगी नाकारली गेली, कारण विकास आराखड्यातला रस्ता. तो रस्ता प्लॉटच्या कडेने जातो की मधून, एवढाच वाद आहे. अपिलासाठी पत्ता मिळाला मंत्रालयाचा! जागेवर टेप धरून मिटणारा प्रश्न चारशे किलोमीटरवर पाठवणाऱ्या या व्यवस्थेचा मला संताप येतो.

1966 साली महाराष्ट्राने जमिनीचे दोन मोठे कायदे केले. एक जमीन महसूल संहिता, दुसरा प्रादेशिक व नगररचना अधिनियम. मंडळ अधिकाऱ्याने चुकीचा फेरफार मंजूर केला, तर भूमच्या शेतकऱ्याने 60 दिवसांत प्रांतांकडे जायचं. कागद, तलाठी, साक्षीदार सगळे तालुक्यातच असतात. गरज पडली तर अधिकारी बांधावर येऊन उभा राहू शकतो. तीच जमीन पालिकेच्या हद्दीत आली आणि तिच्यावर घराची परवानगी नाकारली, की नगररचना कायद्याचं कलम 47 लागतं. मग 40 दिवसांत राज्य सरकारकडे किंवा सरकारने नेमलेल्या, किमान उपसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याकडे अपील. शेताच्या गुंठ्याची दाद प्रांतांकडे आणि घराच्या गुंठ्याची मुंबईत, याचं समर्थन होऊच शकत नाही. दिवाणी दाव्याची वाट कलम 149 अडवतं. उरतं ते संभाजीनगरचं खंडपीठ, तेही वकिलाची फी परवडली तर. अर्जदार मुंबई गाठणार नाही हे नकार देणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणूनच नकार इतका सोपा झाला आहे, असं माझं ठाम मत आहे.

यावर उपाय म्हणजे जिल्ह्यातच अपील मंडळ. ते नेमलं तर ठेकेदार आणि पुढारीच चालवतील, ही भीती खरी आहे. पण तिचं उत्तर याच कायद्यात आहे. नगररचना योजनेत लवादाच्या निर्णयावरचं अपील तीन सदस्यांचं न्यायाधिकरण ऐकतं. न्यायाधीश अध्यक्ष आणि सोबत दोन असेसर. तशीच रचना धाराशिवला द्या. या मंडळाने फाईल मागवावी, जागा पाहावी, नकाराची कारणं तपासावीत आणि लेखी निकाल द्यावा. आराखडाच बदलण्याचा अधिकार मात्र त्याला नको. त्यासाठी कलम 37 खाली हरकती-सूचनांची वेगळी वाट आहे.

मराठवाड्याचा अनुशेष मी इथे वारंवार मांडतो. रस्ते आणि पाण्याबरोबर दाद मागण्याच्या अंतराचाही अनुशेष मोजला पाहिजे. नगर नियोजन हा घटनेच्या बाराव्या अनुसूचीतला पहिला विषय. ही अनुसूची आणणारी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, तरी अपील मुंबईतच अडकलेलं आहे.

कायदा बदलेपर्यंत थांबायचंही कारण नाही. उपसचिव दर्जाचा अधिकारी संभाजीनगरला नेमून धाराशिवला दरमहा सुनावणी घेणं आजच्या कलमातही बसतं. जिल्ह्यातल्या चारही आमदारांनी पुढच्या अधिवेशनात ही मागणी लावून धरावी. आणि वाचकांनो, नकाराचं पत्र हाती पडताच त्यावर तारीख टाकून ठेवा. मुदत फक्त 40 दिवसांची आहे.